यारी, बिनतारी दूरनियंत्रित

कारखान्यातील ओव्हरहेड क्रेनला म्हणजे यारीला केबिनमधून किंवा लोंबत्या पेंडंटवरून (यारीपासून तारेने टांगलेल्या बटणांच्या पेटीवरून) हुकूम न देता, चालकाने जवळ बाळगलेल्या प्रेषकातून (ट्रान्समीटरमधून) रेडिओ संदेशांद्वारे चालविण्याची पद्धती. प्रेषक कमरेच्या पट्ट्याला किंवा गळ्यात अडकवलेला असतो. यारीवरील ग्राही (रिसीव्हर) त्याचा संदेश ओळखतो आणि त्यानुसार हूक वर-खाली होतो, ट्रॉली आडवी सरकते किंवा सबंध यारी गॅन्ट्रीवरून म्हणजे उंचावरील रुळांवरून धावते.

बिनतारी दूरनियंत्रणाच्या उगमाविषयी एकमत नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे बिनतारी संदेशांनी चालणारी छोटी नौका दाखविली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट मिळविले, म्हणून जनकत्वाचा मान सामान्यतः त्यांना दिला जातो. स्पॅनिश अभियंते लिओनार्दो तोरेस केवेदो यांचे ‘तेलेकिनो’ हे यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभीचे असून १९०६ मध्ये बिल्बाओ येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. काळाच्या दृष्टीने टेस्लांचे प्राथम्य नाकारता येत नाही. तथापि त्यांच्या नौकेतील यंत्रणा मुख्यतः प्रत्येक स्पंदागणिक (रेडिओ संदेशाच्या प्रत्येक ठोक्यागणिक) ठरलेल्या क्रमाने एकेक पायरी पुढे सरके, तर तेलेकिनोत स्पंदांच्या संख्येवरून हवी ती क्रिया निवडता येई. अनेक हालचालींतून नेमकी एक निवडणे हीच यारीची गरज असल्याने ही दुसरी कल्पना आजच्या पद्धतीला अधिक जवळची वाटते. कारखान्यांतील वापर बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचा आहे. भारतात ८६५–८६७ मेगाहर्ट्‌झ हा रेडिओ लहरींचा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला.

प्रत्येक संचाला स्वतंत्र संकेतांक असतो, त्यामुळे एकाच शेडमधील शेजारच्या यारीला चुकीचा हुकूम जात नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे बॅटरी उतरली, चालक टप्प्याबाहेर गेला किंवा अन्य कारणाने योग्य संदेश येणे थांबले, तर ग्राही स्वतःहून मुख्य काँटॅक्टर (वीजपुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच) सोडतो आणि ब्रेक लागतात. ही सोय नसलेला स्वस्त संच यारीवर बसवू नये.

किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखानदारीची परंपरा आहे. सातारा, कराड, मिरज व कुपवाड या पट्ट्यात ओतशाळा, यंत्रशाळा आणि साखर कारखाने आहेत. अशा ठिकाणी या पद्धतीचा फायदा ठळकपणे दिसतो. ओतशाळेत साच्याची वरची पेटी खालच्या पेटीवर बसविताना केबिनमधील चालकाला खालच्या माणसाच्या हातवाऱ्यांवर विसंबावे लागे. रिमोटधारी चालक सांध्याच्या उंचीला डोळा लावून, बटण अर्धे दाबत मंद गतीने पेटी टेकवितो. गाळप संपल्यावर मिलचा रोलर काढतानाही तो बेअरिंगची बैठक स्वतः पाहू शकतो. वितळलेल्या धातूवरील धग आणि धूर यांतून चालकाची सुटका होते, हा लाभ कामगाराच्या दृष्टीने मोठा आहे.

मात्र धोका नाहीसा होत नाही, जागा बदलतो. वर भाराकडे पाहत चालणारा चालक वाटेतल्या वस्तूला अडखळतो किंवा भाराच्या फार जवळ जातो. यारीकडे तोंड फिरले की डावे-उजवे उलटते, म्हणून गर्डरवर (यारीच्या आडव्या तुळईवर) आणि प्रेषकावर दिशांच्या सारख्याच खुणा रंगविणे आवश्यक ठरते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २९ नुसार उचल-यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून निदान १२ महिन्यांतून एकदा सर्वांगीण तपासणी व्हावी लागे, तसेच रुळावर किंवा रुळालगत माणूस काम करीत असताना धावती यारी त्या जागेच्या ६ मीटरच्या आत येणार नाही अशी व्यवस्था ठेवावी लागे. नियंत्रण बिनतारी असले तरी या दोन्ही अटी तशाच लागू होत्या.