कॅनडाचा पीआर नाकारला? परत पैसे भरायच्या आधी हातातलं पत्र नीट वाचा

गोव्यात फोंड्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे पीआरचं, म्हणजे कॅनडात कायम राहायच्या परवान्याचं, हे पत्र मी बऱ्याच जणांच्या मोबाईलवर बघितलंय. माणूस येतो, फोन पुढे धरतो आणि म्हणतो "रिजेक्ट झालं, आजच परत टाकूया काय?" मी आधी त्याला स्टुलावर बसवतो. कारण तीन वेगवेगळ्या प्रकारच्या पत्रांना लोक सरसकट रिजेक्टच म्हणतात आणि तिथूनच पुढची सगळी चूक सुरू होते.

पहिला प्रकार, अर्ज अपुरा म्हणून परत आला. म्हणजे कुणी तुमची पात्रता तपासलेलीच नाही, एखादा कागद नव्हता म्हणून फाईल उघडली तशी बंद केली. यात फी परत मिळते आणि कायद्याने तो अर्ज केलाच नव्हता असं धरतात. दुसरा, खरोखर नकार. त्यात प्रोसेसिंग फी (एप्रिल २०२४ मध्ये ती ९५० डॉलर झाली होती) गेली, फक्त राइट ऑफ पीआर फी (तेव्हा ५७५ डॉलर) परत येते. तिसरा सगळ्यात धोक्याचा, प्रोसिजरल फेअरनेस लेटर. हा नकार नाहीच, अधिकाऱ्याला शंका आलीय आणि तो खुलासा मागतोय, आणि लोक मात्र "झालं आपलं" म्हणून रडत बसतात नि पत्रात दिलेली मुदत घालवतात. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही, त्यामुळे हे पत्र आलं तर त्याच दिवशी कामाला लागा.

आता ६० दिवसांचा घोळ. हा आकडा दोन ठिकाणी येतो आणि लोक दोन्हीकडे चुकतात. एक, एक्सप्रेस एंट्रीत (आधी ऑनलाइन प्रोफाइल टाकायची, मग गुण बघून कॅनडा अर्ज करायला बोलावतं) इन्व्हिटेशन आल्यापासून पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस. दोन, कॅनडाबाहेरच्या प्रकरणातल्या निर्णयाविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात जायची परवानगी मागायला ६० दिवस, आणि हे निर्णय तुम्हाला कळवला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही पोर्टल उघडून बघितलंत त्या दिवसापासून नाही, अधिकाऱ्याच्या नोट्स हातात पडल्यापासून तर नाहीच. एकजण चतुर्थीला घर भरलेलं म्हणून ईमेल बघायचाच राहिला, मग पुनर्विचाराची विनंती टाकून उत्तराची वाट बघत राहिला, तोवर मुदत संपली. पुनर्विचाराची विनंती वेबफॉर्मवरून फुकट करता येते, पण तिच्यासाठी कोर्टाचं घड्याळ थांबत नाही. आणि कोर्टात जिंकलात तरी कोर्ट व्हिसा देत नाही, साधारणपणे फाईल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्याने बघायला पाठवतं. अर्जाची कोर्ट फी ५० डॉलरच, खर्च होतो तो तिथल्या वकिलाचा. म्हणून चूक अधिकाऱ्याची असेल तरच कोर्ट, आपली असेल तर नवा अर्ज, असं माझं साधं गणित.

चूक कुणाची ते कसं कळणार? नकाराच्या पत्रात ठरलेली वाक्यं असतात, "समाधान झालं नाही" वगैरे. खरं कारण आतल्या नोट्समध्ये असतं. त्या प्रायव्हसी कायद्याखाली मागता येतात, २०२२ पासून कॅनडाबाहेरच्या परदेशी माणसालाही स्वतःच्या नावाने, फुकट. कायद्याने ३० दिवस, प्रत्यक्षात कधी जास्त. यासाठी एजंट हजारो रुपये घेतात ते बघून माझं डोकं फिरतं. शिवाय पैसे घेऊन तुमची केस चालवायचा हक्क कॅनडाचा परवानाधारक कन्सल्टंट, तिथला वकील, लॉ सोसायटीचा पॅरालीगल किंवा क्यूबेकचा नोटरी, एवढ्यांनाच आहे. फॉर्ममध्ये स्वतःचं नाव टाकायला नको म्हणणारा एजंट दिसला की समजून जा.

आता आपल्याकडच्या खास अडचणी. सगळ्यात मोठी जहाजवाल्यांची. तारवावर दहा वर्षं काढलेला माणूस म्हणतो माझ्याकडे एवढा अनुभव आणि तरी अपात्र कसा? बाबा, फेडरल स्किल्ड वर्कर या पीआरच्या योजनेला काम टीअर ० ते ३ मध्ये (टीअर म्हणजे कॅनडाने कामांना लावलेले दर्जे) बसायला लागतं. कुक ३ मध्ये आहे, शेफ २ मध्ये, पण बारटेंडर ४ मध्ये आणि वेटर, केबिन साफ करणारा हे ५ मध्ये. पगार कितीही डॉलरमध्ये असो. आणि वेटरचं काम करून फॉर्मवर सुपरवायझर लिहिलंत तर तो थेट खोट्या माहितीचा मामला होतो. पुढची मेख म्हणजे अनुभव सलग एक वर्षाचा, पगारी हवा. जहाजाचं काँट्रॅक्ट आठ-नऊ महिन्यांचं, मग दोन महिने घरी बिनपगारी, परत नवं काँट्रॅक्ट. तुमच्या लेखी ती एकच नोकरी, अधिकाऱ्याच्या लेखी मध्ये खंड पडला. हे आधी मोजा, मग या योजनेच्या पात्रतेला लागणाऱ्या ६७ गुणांचं बघा. बाकी भाषेचे गुण, डिग्रीची तपासणी हे नेहमीचंच, फक्त आयेल्ट्स जनरलची द्यायची, अॅकॅडमिकची चालत नाही, आणि निकाल दोन वर्षांच्या आतला हवा.

वाळपईचा एक शेफ आला होता, हातात प्लास्टिकची फाईल, आत कंपनीचं पत्र. चार ओळी: नाव, हुद्दा, जहाजावर चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, खाली शिक्का. त्याला वाटत होतं एवढा मोठा शिक्का आहे म्हणजे झालं. पण कॅनडाला लेटरहेडवर हवं असतं की हा रोज काय करायचा, आठवड्याला किती तास, पगार आणि सवलती किती, आणि वरिष्ठाची सही. त्याच्या पत्रात मेनू ठरवणं, हाताखालचे कुक, मालाची ऑर्डर यातलं एक अक्षर नाही, मग तो शेफ की भाजी चिरणारा हे ओटावाच्या माणसाने कसं ओळखायचं? कंपनी तसं पत्र देतच नसेल तर पत्र मागितल्याचे ईमेल, काँट्रॅक्ट, पगाराच्या स्लिपा, सीडीसीवरचे (खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकावरचे) शिक्के, बँकेतल्या नोंदी आणि बरोबर काम केलेल्या वरिष्ठाचं प्रतिज्ञापत्र असं सगळं जोडून खुलाशाचं पत्र लिहायचं. गॅरंटी नाही, पण कोरं सोडण्यापेक्षा कितीतरी बरं.

दुसरी गोष्ट, "यापूर्वी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारलाय का?" जहाजावर जाण्यासाठी अमेरिकेचा सी-वन-डी व्हिसा कधीतरी नाकारला गेला होता आणि पुढच्या वेळी मिळाला, म्हणून लोक सरळ "नाही" करतात. तेही नाकारलंच असतं. "होय" करा आणि दोन ओळीत कारण लिहा. नाकारल्याने फारसं बिघडत नाही, लपवल्याने बिघडतं.

पोलीस दाखला इथला पासपोर्ट ऑफिसमधून मिळतो, ते सोपं. पण गेल्या दहा वर्षांत कुवेत, दुबई, मस्कत असे कुठे सलग सहा महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलाही लागतो, आणि तो मिळवायला वेळ जातो. इन्व्हिटेशनची वाट न बघता आधीच तयारीला लागा.

मग लग्न. आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही होते, मग देवळात लग्न, जेवणं, फोटो, आणि दुसरी सही राहून जाते. पहिली सही म्हणजे लग्न करणार आहोत एवढंच सांगणं, नोंद दुसऱ्या सहीनंतर होते. फॉर्मवर विवाहित लिहिलं आणि दाखलाच नाही अशी दोन जोडपी मी बघितलीत, त्यातल्या एकाला तर मूल पण होतं. आणि "बायकोला मागाहून नेतो" म्हणून तिचं नाव फॉर्ममधून गाळायचं काम कुणी करू नका, जिला दाखवलंच नाही तिला नंतर स्पॉन्सर करायची वाट बहुतेक वेळा बंद होते.

आडनावांचं तर विचारूच नका. शाळेच्या दाखल्यावर नाईक के लावून, जन्मदाखल्यावर पोर्तुगीज थाटात क्यूयूई लावून. कुणी कामत तर जुन्या कागदात कामोतीम, प्रभूचा पोरोबो. मुलांच्या जन्मदाखल्यावर बापाचं स्पेलिंग वेगळं निघालं की प्रश्न येतो. फॉर्ममध्ये वापरलेली इतर नावं विचारतात तिथे ही सगळी स्पेलिंगं भरा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. नाव कायमचं बदलायचं असेल तर १९९० चा आपल्या राज्याचा वेगळा कायदा आहे, नुसत्या प्रतिज्ञापत्राने जन्माची नोंद बदलत नाही. पोर्तुगीज किंवा मराठीतल्या कागदाचा अनुवाद लागेल, तो घरच्या माणसाने केलेला चालत नाही, काका वकील असला तरी.

पैशांचा पुरावा म्हणजे पासबुकाचे फोटो नव्हेत. बँकेच्या पत्रात खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी आणि तुमच्यावरचं कर्ज हे सगळं लागतं, आणि बँकेतला साहेब म्हणतो आमच्याकडे असा नमुना नाही. आपणच मसुदा टाईप करून न्यायचा. कुळागर (माड-पोफळीची बाग), घर, सोनं याची किंमत धरत नाहीत. जमीन विकून रक्कम आली असेल तर विक्रीखत जोडा, नाहीतर एकदम पंधरा-वीस लाख कुठून आले हा प्रश्न येणारच.

वाळपईच्या त्या शेफने नोट्स मागवल्या. त्यात कामाच्या पत्राबद्दल दीड ओळ होती, बाकी सगळं ठीक. त्याने जुन्या एक्झिक्युटिव्ह शेफला व्हॉट्सअॅपवर गाठून हवं तसं पत्र मिळवलं, पण तोवर त्याला तीस वर्षं पूर्ण झाली आणि एक्सप्रेस एंट्रीच्या क्रमवारीत वयाचे ११० चे १०५ गुण झाले, ते काही भरून येत नाहीत. आता नवी प्रोफाइल टाकलीय, आणि मागच्या नकाराच्या रकान्यात या वेळी कॅनडाचंच नाव लिहिलंय, तारखेसकट.