युरोपीय संरक्षण समुदाय

फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदर्लंड्स व लक्सेंबर्ग यांनी २७ मे १९५२ रोजी पॅरिस येथे केलेल्या, परंतु कधीच अंमलात न आलेल्या करारान्वये योजलेली समाईक सैन्यसंघटना.

या कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. चर्चिल यांनी ऑगस्ट १९५० मध्ये स्ट्रासबर्ग येथे युरोपीय सैन्याची मागणी केली होती, पण ती मोघम होती. निश्चित आराखडा फ्रान्सचे पंतप्रधान रने प्लेव्हँ यांनी २४ ऑक्टोबर १९५० रोजी मांडला. त्यामागील विचार मुख्यतः युरोपीय एकीकरणाचे फ्रेंच पुरस्कर्ते झां मोने यांचा होता. कोरियात युद्ध पेटल्यानंतर अमेरिकेने पश्चिम जर्मनीच्या पुनःशस्त्रीकरणाचा आग्रह धरला आणि जर्मन सैनिक मिळावेत पण जर्मन सेना उभी राहू नये, असा पेच फ्रान्सपुढे आला. योजनेचा उगम संघराज्यवादात (युरोपीय राष्ट्रांचे एक संघराज्य व्हावे या विचारात) शोधणारे अभ्यासक आहेत; तथापि घटनाक्रम पाहता जर्मनीविषयीची धास्ती हेच कारण अधिक संभवनीय वाटते.

मूळ आराखड्यात निरनिराळ्या देशांचे सैनिक शक्य तितक्या लहान तुकडीच्या पातळीवर एकत्र आणावयाचे होते. करारात मात्र सुमारे १३,००० सैनिकांचे एकराष्ट्रीय दल हे मूळ एकक ठरले आणि अशा दलांतून बहुराष्ट्रीय कोअर (अनेक दलांची मोठी सैन्यरचना) बनवावयाची होती. गणवेश व अर्थसंकल्प समाईक, कारभार नऊ जणांच्या आयुक्तमंडळाकडे, मात्र महत्त्वाच्या बाबींत मंत्रिपरिषदेचे एकमत आवश्यक, अशी रचना होती. म्हणजे सार्वभौमत्व सोडले जात असले, तरी नकाराधिकाराची दोरी सरकारांच्या हाती राहत होती. समुद्रापारच्या प्रदेशांसाठी फ्रान्सला स्वतंत्र सैन्य ठेवता येणार होते. पश्चिम जर्मनीला तशी मुभा नव्हती.

पश्चिम जर्मनी व बेनेलक्स (बेल्जियम, नेदर्लंड्स व लक्सेंबर्ग) देशांनी कराराला मान्यता दिली. फ्रेंच राष्ट्रीय सभेने ३० ऑगस्ट १९५४ रोजी ३१९ विरुद्ध २६४ मतांनी तो बाजूला सारला, तोही कार्यपद्धतीविषयक प्रस्तावावर. साहजिकच मूळ मजकुरावर मतदान झालेच नाही. द गॉलवादी (जनरल द गॉल यांचे अनुयायी) व कम्युनिस्ट या एरवीच्या कट्टर विरोधकांनी येथे एकत्र मतदान केले. इंडोचायनातील शांततेच्या बदल्यात पंतप्रधान मेंदेस-फ्रान्स यांनी मॉस्कोला हा करार मोडण्याचे आश्वासन दिले, हा आरोप सबळ पुराव्याअभावी सामान्यतः ग्राह्य धरला जात नाही.

ऑक्टोबर १९५४ च्या पॅरिस करारांनी पश्चिम युरोपीय संघ या संरक्षणविषयक संघटनेचा पर्याय पुढे आला व मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नाटोचा सदस्य झाला. ज्या जर्मन सेनेला टाळण्यासाठी हा खटाटोप झाला, ती त्याच वर्षी उभी राहू लागली.