रूसोचे शेवटचे फेरफटके आणि बिनफुटपाथचं पॅरिस

रूसो म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना शाळेतलं पुस्तक आठवतं, सामाजिक करार, फ्रेंच राज्यक्रांती, टिपा लिहा वगैरे. याच रूसोनं म्हातारपणी एक पुस्तक लिहायला घेतलं जे पुरं झालंच नाही, नाव 'एकट्या फिरस्त्याची दिवास्वप्नं', म्हणजे एकट्यानं फिरताना डोक्यात जे येईल ते, आणि प्रकरणांना नावं काय तर पहिला फेरफटका, दुसरा फेरफटका, असं करत दहावा. एकटा लेखक चालतोय, बघतोय, स्वतःशीच बडबडतोय आणि त्याचंच लिखाण होतंय, हा जो प्रकार आज ढिगानं वाचायला मिळतो त्याचं मूळ शोधायला निघालेले बरेच जण या पुस्तकापाशी येऊन थांबतात. पण वाचणारे त्यातलं तळं, होडी, झाडंपानं, शांतता एवढंच धरून ठेवतात, आणि हे सगळं लिहिलं गेलं ते ऐन पॅरिसच्या मध्यात, चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या बिऱ्हाडात, हे सुटून जातं. मला विचाराल तर हे शहराचंच पुस्तक आहे, शहराला वैतागलेल्या आणि तरी तिथंच राहिलेल्या माणसाचं.

थोडं मागे जाऊ. रूसो जिनिव्हाचा, जन्म १७१२ चा. पॅरिसला पहिल्यांदा आला १७३१ मध्ये, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, आणि आला तोही स्वित्झर्लंडहून पंधरा दिवस चालत. डोक्यात संगमरवरी महालांचं शहर होतं, आणि शिरला सँ-मार्सोच्या बाजूनं, तर समोर घाणेरड्या गल्ल्या, काळपट घरं, भिकारी, गाडीवाले आणि काढा नि जुन्या टोप्या विकणाऱ्या बायका. हे त्यानं आत्मचरित्रात लिहिलंय, आणि पुढे पॅरिस कितीही बघितलं तरी हा पहिला धक्का मनातून गेला नाही असंही तिथंच म्हटलंय. काढा विकणारी बाई लक्षात ठेवा, ती पुढे परत येणार आहे.

१७४९ मध्ये त्याचा मित्र दिदरो व्हँसेनच्या किल्ल्यात कैदेत होता, त्याला भेटायला रूसो पॅरिसहून पायी जायचा कारण घोडागाडीला पैसे नव्हते. वाटेत वाचायला मासिक घेतलेलं, त्यात दिजाँच्या अकादमीच्या निबंधस्पर्धेचा विषय छापलेला, विद्या आणि कला यांच्या प्रगतीनं माणसाची नीती सुधारली की बिघडली, असा काहीसा. तो वाचून रूसो झाडाखाली बसला तो रडत बसला, असं तो सांगतो. त्या निबंधाला बक्षीस मिळालं आणि तो रातोरात फेमस झाला. म्हणजे लेखक म्हणून त्याची सुरुवातच खिसा रिकामा असल्यामुळे कराव्या लागलेल्या चालण्यात झाली. पाय हलल्याशिवाय डोकं हलत नाही, अशा अर्थाचं त्यानं स्वतःबद्दल वेगवेगळ्या ठिकाणी लिहून ठेवलंय.

मग १७६२ आलं. शिक्षणावरचं त्याचं पुस्तक निघालं, धर्मावरच्या मजकुरामुळे पॅरिसच्या पार्लमेंटनं (हे आपल्यासारखं पार्लमेंट नव्हे, तिथलं वरचं कोर्ट) पुस्तक जाळायचा हुकूम काढला आणि लेखकाच्या नावानं अटक वॉरंट. रूसो पळाला. जिनिव्हानंही पुस्तक जाळलं. मोतिए नावाच्या खेड्यात राहिला तर १७६५ मध्ये रात्री घरावर दगडफेक झाली. तिथून एका तळ्यातल्या सँ-प्येरच्या बेटावर, तिथं जेमतेम सहा आठवडे, पुढे तत्त्वज्ञ ह्यूमबरोबर इंग्लंडला, तिथं ह्यूमशीच भांडण, मग खोटं नाव लावून परत फ्रान्समध्ये. तळ्यातलं ते होडीतलं सुख, ज्यावरून हा माणूस निसर्गवेडा म्हणून ओळखला जातो, ते या सहा आठवड्यांतलं, आणि ते लिहिलं गेलं तब्बल बारा वर्षांनी, पॅरिसमध्ये बसून.

१७७० मध्ये तो उघडपणे पॅरिसला परतला. वॉरंट रद्द झालेलं नव्हतं, फक्त सरकारनं डोळेझाक केली होती, काही छापायचं नाही या अटीवर. छापायचं नाही तर वाचून दाखवतो म्हणून त्यानं आत्मचरित्राची खाजगी वाचनं सुरू केली, एकेक बैठक पंधरा-पंधरा तासांच्या वर चालायची. त्यात ज्यांची अंडीपिल्ली बाहेर येत होती त्यांतल्या मादाम देपिने यांनी १७७१ मध्ये पोलीसप्रमुखाकडे तक्रार केली आणि वाचनंही बंद. म्हणजे बघा, छापणं बंद, बोलणं बंद, जुने मित्र तुटलेले आणि राहायचं मात्र त्याच शहरात. आता उरलं काय तर चालणं.

रु प्लात्रिएर नावाच्या गल्लीत तो बायको तेरेजबरोबर राहायचा. १७७२ मध्ये बेर्नार्दँ द सँ-प्येर हा लेखक त्याला भेटायला गेला त्यानं त्या खोलीचं वर्णन करून ठेवलंय आणि ते फार छान आहे, छताला टांगलेल्या पिंजऱ्यात कॅनरी गातोय, रस्त्याकडच्या उघड्या खिडकीत चिमण्या पावाचे तुकडे खायला येतायत, खिडकीत कुंड्या, तेरेज कपडे शिवतेय आणि रूसो ओव्हरकोट नि पांढरी टोपी घालून स्वरलिपी उतरवून काढतोय. हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता, संगीताच्या कॉप्या करणं, पानाला दहा सू (सू म्हणजे तिथलं चिल्लर नाणं). सहा वर्षांत सहा हजारांवर पानं केली असं त्यानंच लिहिलंय. युरोपभर गाजलेला लेखक, पण पेन्शनला हात लावायचा नाही, कुणाचं मिंधं व्हायचं नाही, म्हणून पानावर मजुरी. सकाळी हे काम आणि जेवण झालं की बाहेर. खिशात पत्ते असायचे, खेळायचे पत्ते, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चालता चालता टिपणं करायची. त्यातले सत्तावीस पत्ते आजही स्वित्झर्लंडमध्ये नशातेलच्या लायब्ररीत आहेत.

आता रस्त्यांचं. त्या काळचं पॅरिस चालणाऱ्या माणसासाठी नव्हतंच. फुटपाथ असा प्रकार पाँ नफ पुलावर होता, बाकी बोंबच. रस्त्याच्या मधोमध गटार, दोन्ही बाजूंनी घरं अगदी कडेपर्यंत, आणि मधून श्रीमंतांच्या घोडागाड्या सुसाट, पुढे वाट मोकळी करत पळणारे नोकर नाहीतर कुत्रे. चांगल्या कपड्यातल्या माणसानं पायी जाणं म्हणजे गुडघ्यापर्यंत चिखल. ओदेओंच्या नव्या रस्त्याला दोन्हीकडे फुटपाथ झाले ते १७८१ मध्ये, तोवर रूसो जाऊन तीन वर्षं झाली होती. निवांत चालायची सोय होती ती फक्त बुलव्हारवर, चौदाव्या लुईनं जुनी तटबंदी पाडून तिथं झाडं लावली होती त्या पट्ट्यात, आणि त्याच्या पलीकडे लगेच मळे, कुरणं, द्राक्षांच्या बागा. रूसोचे फेरफटके सगळे या कडेचे, शहर जिथं संपतं तिथले. मेनिलमाँताँ, शारोन, ज्याँतिई, बिएव्हर नदीचा काठ. अर्ध्या-पाऊण तासात पोचता यायचं आणि रात्री घरी परत.

२४ ऑक्टोबर १७७६ ला तो असाच दुपारी जेवून निघाला, मेनिलमाँताँच्या चढावरून शारोनकडे, द्राक्षांची तोडणी नुकतीच संपलेली, वाटेत दुर्मिळ रानफुलंही सापडली. संध्याकाळी सहाच्या सुमारास उतरताना समोरून एका गाडीपुढे धावणारा दांडगा ग्रेट डेन अंगावर आला. रूसोचं म्हणणं की आपण वेळेत उडी मारली तर कुत्रा खालून निघून जाईल असा त्यानं हिशोब केला! चौसष्टाव्या वर्षी! अर्थातच तो तोंडावर आपटला. गाडीवानानं घोडे आवरले म्हणून चाकाखाली गेला नाही. शुद्धीवर आला तर अंधार पडलेला, दोन-चार पोरांनी त्याला धरलेलं, आणि त्याला आपण कोण, कुठले, काहीच आठवेना. कुठे आहे विचारलं तर म्हणाले ओत-बोर्न, नाव तिथल्याच भागाचं, पण ते त्याला अॅटलासच्या डोंगरावर आहे म्हटल्यासारखं वाटलं. त्या क्षणी आकाश, एक-दोन तारे, थोडी हिरवळ एवढंच दिसलं आणि आयुष्यात कधी नव्हतं इतकं बरं वाटलं, हे वर्णन त्या पुस्तकातल्या सगळ्यात सुंदर पानांपैकी आहे. मग एका भल्या माणसानं सांगितलं की पुढे भाड्याची गाडी करा, थंडी आहे, तर याचं लॉजिक असं की आपण तर व्यवस्थित चालतोय, गाडीत बसून कुडकुडण्यापेक्षा चाललेलं बरं, आणि रक्त थुंकत थुंकत चालत घरी आला, जिना चढला. वरचा ओठ फाटलाय, जबडा सुजलाय हे कळलं तेरेज किंचाळली तेव्हा.

याची दुसरी बाजू मर्सिए नावाच्या लेखकानं दिलीय, ज्यानं पुढे पॅरिसवर खंडच्या खंड लिहिले आणि ते आपण पायांनी लिहिले असं तो म्हणायचा. त्याच्या म्हणण्यानुसार गाडीचा मालक पडलेल्या म्हाताऱ्याकडे ढिम्म बघत राहिला, दुसऱ्या दिवशी तो कोण होता हे कळल्यावर नोकर पाठवला, काय करू शकतो विचारायला. रूसोचं उत्तर, यापुढे कुत्रा बांधून ठेवा. मर्सिएनं हा किस्सा रस्त्यावरच्या गाड्यांच्या दहशतीबद्दलच्या प्रकरणात घातलाय आणि तिथंच तो शोभतो. रूसो मात्र ट्रॅफिकबद्दल तक्रार करत नाही, त्याचं डोकं भलतीकडेच, कारण तो मेलाच अशी अफवा उठली, आविन्योंच्या पेपरात बातमीही आली आणि याला वाटलं हाही कटाचाच भाग.

कट हे त्याच्या डोक्यातलं पर्मनंट भूत होतं. सगळं शहर आपल्याविरुद्ध आहे, असं. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्वतःच्या बचावाचं हस्तलिखित घेऊन तो नोत्र-दामच्या वेदीवर ठेवायला गेला, देवाच्याच हवाली करतो म्हणून, तर वाटेतली जाळी बंद. नंतर त्यानं एक पत्रक हातानं लिहून त्याच्या बऱ्याच प्रती काढल्या, न्याय आणि सत्य यावर अजून प्रेम करणाऱ्या प्रत्येक फ्रेंच माणसाला असं वर लिहून, आणि रस्त्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायला लागला. लोक मथळा वाचायचे आणि परत द्यायचे, हे आमच्यासाठी नाहीये म्हणून. एवढ्या दुःखातही याला हसू आलं असं तो लिहितो.

तरी माझ्या दृष्टीनं सगळ्यात भारी सहावा फेरफटका आहे, कारण त्यात घडत काहीच नाही. ज्याँतिईकडे जाताना बारिएर दांफेर या नाक्याजवळ आला की आपण नकळत वळसा घालून जातो हे त्याच्या ध्यानात येतं आणि तो विचार करायला लागतो की का बरं. तर त्या कोपऱ्यावर एक बाई उन्हाळ्यात फळं, पाव आणि काढा विकायची, तिचा कुबड्या घेऊन लंगडणारा मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पैसे मागायचा. सुरुवातीला रूसो आनंदानं द्यायचा, दोन शब्द बोलायचा. मग त्याची सवय झाली, मग ते देणं लागल्यासारखं झालं, आणि त्यात पोरगा दर वेळी मस्यू रूसो, मस्यू रूसो करायचा, ओळखतो हे दाखवायला. झालं, पायांनी परस्पर रस्ता बदलला. शहरात राहणाऱ्या प्रत्येकाचा असा एखादा टाळायचा कोपरा असतो, उधारीवाला, जुना शेजारी, कुणीतरी, आणि आपण ते स्वतःशीही कबूल करत नाही. रूसोनं त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं, स्वतःला सोडून न देता, निदान यावेळी तरी.

कारण दर वेळी तो इतका सरळ नसतो. नवव्या फेरफटक्यात एका रविवारी ला म्युएतपाशी शाळेच्या वीसेक मुली दिसतात, तिकडून बिस्किटवाला ढोल वाजवत येतो, त्याच्याकडे नशीब काढायचं फिरतं चक्र, रूसो सगळ्या मुलींना एकेक पाळी देतो, बिस्किटवाल्याला गुपचूप सांगून होतील तेवढी चांगली बक्षिसं निघतील असं करतो, आणि एवढी धमाल तीस सूंमध्ये झाली म्हणून खूश होतो. म्हणजे तीन पानांची मजुरी. मस्त आहे प्रसंग. पण हे प्रकरण लिहायचं कारण दालांबेर या गणितज्ञ-लेखकाचा एक लेख, ज्यात मुलांवर प्रेम नसणाऱ्यांना टोला होता आणि रूसोनं तो स्वतःवर ओढून घेतला, कारण स्वतःची पाचही मुलं त्यानं अनाथालयात सोडली होती. तेव्हा ही बिस्किटं वाचताना ते मागचं विसरून चालत नाही.

दहावा फेरफटका १२ एप्रिल १७७८ चा, दीड-दोन पानांत तुटतो. मे महिन्यात तो पॅरिस सोडून एर्मनोंव्हीलला एका मार्कीच्या बागेत राहायला गेला आणि २ जुलैला वारला. पुस्तक छापलं गेलं १७८२ मध्ये, जिनिव्हात. त्यानंतर एकट्यानं चालत लिहिणाऱ्यांची रांगच लागली. मर्सिए, रात्री-अपरात्री हिंडणारा रेतिफ, आणि ऐंशी वर्षांनी कवी बोदलेर, जो आपल्या पॅरिसवरच्या गद्यकवितांना 'एकटा फिरस्ता' असंच नाव द्यायच्या विचारात होता. पण तोवर रस्ते रुंद झाले होते, गॅसचे दिवे, काचेच्या छताचे बाजार आले होते आणि बोदलेर गर्दीत घुसायला बाहेर पडायचा, रूसो ज्या दिशेनं जायचा त्याच्या बरोबर उलट. तसंही रूसोची दिशा फार काळ शिल्लक राहिली नाही, १८६० मध्ये पॅरिसची हद्द वाढवली त्यात मेनिलमाँताँ आणि शारोन दोन्ही शहरात गेले, आणि आज तिथं मेट्रोनं जाता येतं.