ऑफ-ग्रिड घरातील पाणीबचत

सार्वजनिक नळजोडणी नसलेल्या, आणि बहुधा वीजही स्वतःच्या सौर पॅनेलवर भागवणाऱ्या घरात साठवलेले पाणी पुढचा पाऊस येईपर्यंत पुरवून वापरण्याच्या रीतींना ऑफ-ग्रिड घरातील पाणीबचत म्हणता येईल. पुण्याच्या परिसरात अशी घरे मुळशी, भोर, पुरंदर या तालुक्यांतील शेतजमिनींवर आणि डोंगरउतारांवर आढळतात. अशा घरात किती पाणी वाचवायचे हे शेवटी टाकीचा आकार ठरवतो, म्हणून या विषयाची सुरुवात हिशेबाने करणे सोयीचे.

पुणे शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. कौलांत मुरणारे, वाफ होणारे आणि पन्हळीबाहेर उडणारे पाणी म्हणून पाचवा हिस्सा वजा केला, तरी १०० चौरस मीटरच्या छपरावरून वर्षाकाठी ५६,००० लिटर पाणी हाती लागते. चौघांचे कुटुंब दिवसाला माणशी ४० लिटर वापरत असेल, तर ऑक्टोबर ते मे या सुमारे २४० दिवसांसाठी त्याला ३८,४०० लिटर लागतात. पाणी जवळजवळ पुरेसे आहे. ते ठेवायचे कुठे हा खरा प्रश्न असतो. याच कुटुंबाने शहरी नियोजनात धरतात तसे माणशी १३५ लिटर वापरले, तर कोरड्या महिन्यांची गरज १,२९,६०० लिटरवर जाते आणि छपराचे वर्षभराचे उत्पन्न तिच्या निम्म्यालाही पुरत नाही. उलट, माणशी वापर ४० वरून ३० लिटरवर आला, तर साठ्यातून ९,६०० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरच्या जवळजवळ दोन टाक्या, कमी होतात.

घाटमाथ्याजवळ जागा घेतली की पाण्याची ददात उरत नाही, हा समज मात्र फसवा आहे. ताम्हिणीच्या बाजूला पुण्याच्या कितीतरी पट पाऊस कोसळतो, पण तोही ऑक्टोबरपर्यंत ओसरतो. खाली काळा कातळ असल्यामुळे पाणी फटी आणि भेगांपुरतेच मुरते, आणि धो धो पावसाच्या गावांतही उन्हाळ्यात झरे आटून डोक्यावर हंडे येतात. तिथे छप्पर लहान चालते, टाकी लहान चालत नाही.

साठवून वापरण्याची रीत या भागाला नवी नाही. सिंहगडावरचे देवटाके हे कातळात खोदलेल्या साठ्याचे ओळखीचे उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात पाणी आणले, तेही हौदांत उतरत असे आणि लोक तिथून ते भरून नेत. उचलून आणलेले पाणी आपोआप जपून वापरले जाते.

रोजच्या वापरात मोठा खर्च स्नान आणि शौचाचा असतो. बादली-तांब्याने १५ ते २० लिटरांत स्नान होते. शॉवरला तेवढे पाणी दोन-तीन मिनिटांचेच. फ्लशची टाकी एका वेळी सहा ते दहा लिटर घेते, उकिडव्या संडासात हाताने दोन-तीन लिटर ओतले तरी भागते, आणि भुसा किंवा राख टाकण्याच्या कोरड्या संडासाला हात-पाय धुण्यापलीकडे पाणी लागत नाही, मात्र पाहुण्यांना तो समजावून सांगावा लागतो. भांड्यांसाठी तीन घमेल्यांची पद्धत चांगली : खरकटे काथ्याने आणि राखेने आधीच पुसून घ्यायचे, पहिल्या घमेल्यात घासायचे, दुसऱ्यात विसळायचे, तिसऱ्यात शेवटचा हात फिरवायचा. पहिले पाणी झाडांना जाते, दुसरे त्याच्या जागी सरकते, तिसरे दुसऱ्याच्या, आणि ताजे पाणी फक्त तिसऱ्या घमेल्यात पडते. नळाचा वायसर गेला आणि थेंब लागला, तर दिवसाला पाच ते वीस लिटर गळू शकतात. एका माणसाचे स्नान असे नकळत वाहून जाते.

मोरीच्या पाण्यावर परसात अळू, कर्दळ आणि केळ लावण्याची जुनी पद्धत इथे तशीच्या तशी कामी येते. स्वयंपाकघरातील पाण्याचा तेलकट थर अडवायला आधी एक छोटी कुंडी करतात. हे पाणी एक दिवसाहून जास्त साठवल्यास त्याला घाण येते. कपड्यांच्या पावडरीतील सोडा काळ्या जमिनीत साचत गेला तर माती चिकट होऊन पाणी धरून बसते, म्हणून रिठा किंवा सौम्य साबण बरा.

बोअरवेल असली तरी हिशेब सुटत नाही, तो विजेत जातो. ६० मीटर खोलीवरून १,००० लिटर पाणी उचलायला सिद्धांताने ०.१६ युनिट पुरते. पंप आणि पाइपमधील तूट धरता त्याच्या दुप्पट-तिप्पट लागते. म्हणून पंप भर दुपारी उन्हावर चालवून पाणी वरच्या टाकीत चढवून ठेवतात, रात्री बॅटरीवर पंप लावत नाहीत. बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते, त्यात तूरडाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पावसाचे पाणी या दोन्ही बाबतींत सरस असल्यामुळे पिण्याला व स्वयंपाकाला ते, आणि धुण्याला बोअरचे, अशी वाटणी रूढ आहे. पिण्याचे पाणी गाळून व उकळून घेतात.

टाकीला उजेड लागला की शेवाळ धरते आणि तोंड उघडे राहिले की डासांची अंडी पडतात. त्यामुळे झाकण घट्ट आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला बारीक जाळी असावी लागते. टाकीत खुणा केलेली काठी सोडून दर आठवड्याला पातळी टिपून ठेवली, तर पाणी मेअखेर पुरेल की नाही हे फेब्रुवारीतच कळते आणि टँकर मागवण्याची वेळ टाळता येते. पाणी तळाला गेल्यावर टाकीतला गाळ काढून ती घासून घेतात. वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या सरी छपरावरची धूळ, पाला आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन उतरतात; त्या बाहेर वाहू देऊन, पन्हळीतून स्वच्छ पाणी येऊ लागल्यावर पाइप टाकीला जोडतात.