केटी लागलेली मार्कशीट आणि जर्मनीच्या सरकारी विद्यापीठातलं मास्टर्स: पात्रता, कागदपत्रं, अर्ज

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिला म्हणजे केटी लागली, एखाद्या सेमिस्टरचा एसजीपीए (त्या सेमिस्टरची गुणांची सरासरी) पाचाच्या घरात अडकला, म्हणून जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांचा नाद सोडून देणारी मुलं बरीच असतात. नाद सोडण्याआधी एक गणित करून पाहा. तिथल्या प्रवेश समित्या तुमची टक्केवारी किंवा सीजीपीए (पूर्ण डिग्रीची सरासरी) जसाच्या तसा वापरत नाहीत, तो आधी जर्मन श्रेणीत बदलला जातो. जर्मन श्रेणी आपल्या उलट चालते: १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास.

हा बदल ज्या सूत्राने होतो त्याला मॉडिफाइड बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा. त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, आलेल्या उत्तराला ३ ने गुणा आणि १ मिळवा. दहाच्या मोजपट्टीवर सीजीपीए ७ असेल आणि पास होण्याची किमान पातळी ४ असेल, तर उत्तर येतं २.५. बऱ्याच मास्टर्स अभ्यासक्रमांची अट ‘२.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी’ अशीच असते, म्हणजे सात सीजीपीएवाला अगदी उंबरठ्यावर उभा असतो.

आता हेच किमान पातळी ५ धरून करा. उत्तर २.८ येतं आणि तोच विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणून किमान उत्तीर्ण पातळी हा आकडा फार महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच कुणी बघत नाही. तो मार्कशीटच्या मागे छापलेला असतो किंवा विद्यापीठाच्या परीक्षा नियमावलीत असतो. नसेल तर ग्रेडिंग पद्धतीचं पत्र कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून सही-शिक्क्यासह घ्या आणि अर्जाला जोडा. पत्र जोडूनही काही जर्मन विद्यापीठं आपल्याच नियमाने ५ किंवा ५० टक्के धरतात. तसं असेल तर ती जागा यादीतून खाली सरकवा, वाद घालण्यात अर्थ नाही. आणखी एक, सीजीपीएची टक्केवारी करून मग ती सूत्रात घालू नका. मूळ मार्कशीटवर जी मोजपट्टी आहे तीच वापरा.

एका वाईट ग्रेडने किती बिघडतं? समजा डिग्री १६० क्रेडिटची आहे आणि ४ क्रेडिटच्या एका विषयात ८ ऐवजी ४ पॉइंट मिळाले. सीजीपीए ०.१ ने उतरतो, जर्मन श्रेणी ०.०५ ने. बस, एवढंच. खरी अडचण एखाद्या केटीची नसते, पाच-सहा सेमिस्टर जेमतेम गेल्याची असते.

सरासरीत भागलं तरी दुसरी चाळणी असते, विषयांची. गणित, प्रोग्रामिंग, मेकॅनिक्स अशा गटांत अमुक इतके ईसीटीएस क्रेडिट हवेत, असं अभ्यासक्रमाच्या नियमावलीत लिहिलेलं असतं. ईसीटीएस ही युरोपातली क्रेडिट मोजण्याची पद्धत, एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. ग्रेड उत्तम पण गणिताचे क्रेडिट कमी, म्हणून नकार आलेले विद्यार्थी असतात. त्यामुळे ज्या विषयात ग्रेड वाईट आहे पण विषय पास झालाय, तो लपवण्यापेक्षा मोजायला लावा. सिलॅबसची प्रत, तास आणि क्रेडिट दिसतील अशी, इंग्रजीत तयार ठेवा. काही विद्यापीठं विषयांची तुलना करणारा तक्ता भरून मागतात, तो घाईत भरू नका.

अर्ज कुठे करायचा याचा निर्णय प्रवेशाच्या पद्धतीवरून घ्या, विद्यापीठाच्या नावावरून नको. ‘झुलासुंग्सफ्राय’ म्हणजे जागांची मर्यादा नसलेले अभ्यासक्रम: किमान अटी पूर्ण केल्या की प्रवेश. कमी ग्रेडवाल्यांनी शोध इथून सुरू करावा. एनसी (न्यूमेरस क्लाउसुस, म्हणजे जागांवर मर्यादा) असलेल्या अभ्यासक्रमांत जागा मोजक्या असतात आणि मुख्यतः श्रेणीनुसार यादी लागते, तिथे २.८ घेऊन उभं राहणं म्हणजे फीचे पैसे घालवणं. तिसरा प्रकार पात्रता चाचणीचा. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत अनेक मास्टर्सना श्रेणी, विषय, मोटिव्हेशन लेटर, कधी मुलाखत असे वेगवेगळे गुण देऊन बेरीज होते. काही ठिकाणी जीआरई किंवा गेटचा स्कोअर मागतात, आणि तो चांगला असेल तर ग्रेडची बाजू थोडी सावरते. डीएएडी (जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण सेवा) आणि होखशूलकोम्पास या दोन संकेतस्थळांवर अभ्यासक्रम शोधता येतात, आणि होखशूलकोम्पासवर प्रवेशपद्धतीनुसार गाळणीही लावता येते. शेवटचा शब्द मात्र त्या विभागाच्या स्वतःच्या पानाचा. उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं, ज्यांना होखशूल म्हणतात, तीही सरकारी असतात. आपल्याकडे त्यांना उगाच दुय्यम समजतात.

कागदपत्रांत पहिलं काम एपीएस प्रमाणपत्राचं, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून जर्मन दूतावासाचा विभाग देतो त्या प्रमाणपत्राचं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना विद्यार्थी व्हिसासाठी ते लागतं. अर्ज ऑनलाइन, शुल्क १८,००० रुपये. दहावी-बारावीच्या आणि सर्व सेमिस्टरच्या मार्कशीट, डिग्री किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, पासपोर्ट हे सगळं द्यावं लागतं. इथे कागदपत्रं अस्सल आहेत का हे तपासलं जातं, ग्रेड चांगली की वाईट याचा निवाडा होत नाही. नापास झालेल्या प्रयत्नाची मार्कशीट गाळायचा मोह होईल, गाळू नका. केटीमुळे अर्ज अडेलच असं नाही, पण अपुरी किंवा फेरफार केलेली कागदपत्रं महागात पडतात. विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट मिळायलाही वेळ लागतो, तो अर्ज एपीएसच्या आधीच टाका.

बाकी कागदपत्रं नेहमीचीच: आयईएलटीएस किंवा टोफेल (६.५ बँड बहुतेक ठिकाणी चालतो, पण अट वाचा), तक्त्याच्या स्वरूपातला सीव्ही, मोटिव्हेशन लेटर, मागितली तर शिफारसपत्रं. मोटिव्हेशन लेटरमध्ये वाईट सेमिस्टरबद्दल फार तर दोन वाक्यं लिहा: काय झालं आणि पुढच्या सेमिस्टरमध्ये काय बदललं. आजारपण असेल तर कागद जोडा. पान भरून रडगाणं गायलं की वाचणाऱ्याचं लक्ष नेमकं त्या ग्रेडवरच जातं.

बरीच विद्यापीठं अर्ज युनि-असिस्टमार्फत घेतात, ही परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज विद्यापीठांच्या वतीने तपासणारी संस्था आहे. एका सत्रासाठी पहिल्या पर्यायाचे ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाचे ३० युरो. काहींना व्हीपीडी हवा असतो, म्हणजे युनि-असिस्टने तुमची जर्मन श्रेणी काढून दिलेला कागद. कमी ग्रेड असलेल्यांना त्याचा एक फायदा आहे: तुमचा अधिकृत आकडा हातात येतो आणि पुढचे अर्ज अंदाजाने करावे लागत नाहीत. हिवाळी सत्राची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलै, उन्हाळी सत्राची १५ जानेवारी. इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सना मुदत कित्येकदा महिनोन्महिने आधी संपते. युनि-असिस्टला तपासायला चार ते सहा आठवडे लागतात हे धरून चाला.

पैशांचं थोडक्यात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सत्र वर्गणी. अपवाद ठाऊक हवेत: बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून नव्याने दाखल होणाऱ्यांना मास्टर्ससाठी सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (आधी पैसे भरायचे आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात.

‘कमी ग्रेड असली तरी फुकटात ॲडमिशन करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एकच प्रश्न विचारा: विद्यापीठ सरकारी की खासगी? खासगी कॉलेजांकडून कमिशन मिळत असल्यामुळे सल्ला फुकट असतो, फी वर्षाला हजारो युरो असते. सरकारी विद्यापीठाचा अर्ज तुमचा तुम्हालाच भरता येतो, त्यात एजंटखेरीज अडणारं असं काही नाही.