ड्रिल उजवीकडे, ताण डाव्या खुब्यावर: टूल बेल्टमागचं सायन्स

पुण्यात वाकड, बाणेर, हिंजवडी, कुठल्याही चालू साइटवर पाच मिनिटं थांबून बघा. इलेक्ट्रिशियन शिडीवर चढलेला असतो, टेस्टर शर्टाच्या खिशात, पक्कड पँटच्या मागच्या खिशात कोंबलेली, स्क्रू ओठात धरलेले आणि हातोडी लागली की खालचा पोरगा वर देणार. दोन्ही हात शिडीवर हवेत त्या क्षणी एक हात खिसे चाचपत असतो. टूल बेल्ट, म्हणजे हत्यारं अडकवायचा कमरेचा पट्टा, आपल्याकडे अजून फार कमी कमरांना दिसतो आणि दिसला तरी बऱ्याचदा सगळी हत्यारं एकाच बाजूला लटकलेली असतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण बेल्टवर किती वजन आहे यापेक्षा ते कमरेवर नेमकं कुठे आहे यावर अंगावर येणारा ताण जास्त अवलंबून असतो.

आयडिया काही नवीन नाही. 1991 साली आल्प्सच्या बर्फात जो ओट्झी सापडला, साधारण 5300 वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्या पट्ट्यालाही कातड्याची थैली होती आणि त्यात गारगोटीची छोटी हत्यारं, हाडाची टोचणी आणि विस्तव पेटवायची बुरशी होती. आपल्याकडे कोकणात माडावर चढणारा गडी कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी बांधतो आणि कोयता तिच्यात अडकवतो. खोडाला छाती-पोट लागतं तिथे काही अडायला नको, दोन्ही हात खोडाला आणि वर पोचल्यावर हात मागे नेला की कोयता हातात. फार विचार करून केलेली सोय आहे ही.

आता कंबरच का? खांद्यावर झोळी घेतली की तिचं वजन मान, पाठ, मणके असं करत खाली उतरतं. बेल्ट कमरेच्या मोठ्या हाडावर, म्हणजे पेल्विसवर टेकला की वजन थेट खुब्याच्या सांध्यातून मांडीच्या हाडात जातं, मधला पाठीचा कणा त्यातून सुटतो. ट्रेकिंगच्या मोठ्या सॅकला कमरेचा जाड पट्टा असतो तो याचसाठी. पण खरी गंमत पुढे आहे. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या वेळी पेल्विस दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचा एक स्नायू, ग्लूटिअस मेडिअस, ते ओढून धरतो. आणि हा स्नायू सांध्यापासून जेमतेम 5 सेंमीवर ओढतो असं धरू.

समजा 1.5 किलोचा ड्रिल उजव्या बाजूला लटकवलाय. तुम्ही डाव्या पायावर आहात. डाव्या खुब्यापासून तो ड्रिल साधारण 30 सेंमी लांब. 30 ला 5 ने भागलं की 6, म्हणजे 1.5 किलोसाठी त्या स्नायूला 9 किलोइतकी जास्तीची ओढ लावावी लागते, दर पावलाला, दिवसभर. म्हणजे वजन उजवीकडे आणि दमतो डावा खुबा! आता दुसऱ्या बाजूलाही 1.5 किलोचं सामान लावा. एकूण वजन दुप्पट झालं, पण डावीकडचं वजन खुब्याच्या बाहेर, समजा 12 सेंमीवर, असल्यामुळे उलट्या बाजूने मदत करतं. हिशोब केला तर जास्तीची ओढ साधारण साडेपाच किलोवर येते. वजन 3 किलो आणि स्नायूवर ताण मात्र दीड किलोवाल्यापेक्षा कमी, हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला परत तपासावंसं वाटलं, पण बरोबर आहे, साधा तरफेचा नियम आहे. आकडे माणसागणिक थोडे बदलतील, दिशा बदलणार नाही. म्हणून ड्रिल एका बाजूला असेल तर स्क्रू-खिळ्यांची जड पिशवी दुसऱ्या बाजूला. आणि सगळं अंगाला जितकं चिकटून राहील तितकं चांगलं, फुगून बाहेर आलेली पिशवी म्हणजे तरफेचा हात आणखी लांब.

हातोडीचं वेगळंच आहे. ती कड्यात अडकवली की डोकं वर आणि दांडा खाली लोंबतो आणि चालताना मांडीवर आपटत राहतो, हे सगळ्या सुतारांना माहीत असतं. यामागे लंबकाचं गणित आहे. एका टोकाला टांगलेली 30 सेंमीची दांडी ही 20 सेंमी लांबीच्या साध्या लंबकासारखी हलते आणि त्याचा एक पूर्ण झोका साधारण 0.9 सेकंदाचा. नेहमीच्या चालीत डावं-उजवं मिळून दोन पावलांना लागतो साधारण 1 सेकंद. म्हणजे मांडीचा धक्का जवळपास हातोडीच्या स्वतःच्या ठेक्यातच बसतो आणि झोपाळ्याला वेळेवर धक्का दिला की तो जसा वाढत जातो तसं इथे होतं, रेझोनन्स म्हणतात तो हाच. त्यावर उपाय म्हणजे दांड्याला खाली दुसरं कडं किंवा वेल्क्रोची पट्टी, नाहीतर कडं थोडं मागे सरकवायचं म्हणजे मांडी पुढे येताना दांडा तिच्या वाटेतच नसतो.

बेल्ट घसरतो म्हणून तो आवळून बांधायची सवय मात्र सोडा. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं ना, त्याच्या जवळून एक नस मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाते. तिच्यावर सतत दाब आला की मांडीची बाहेरची कातडी बधिर होते, झिणझिण्या येतात, जळजळतं. याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात आणि घट्ट जड पट्टा हे त्याचं माहितीतलं कारण आहे. ही नस फक्त स्पर्शाची असल्यामुळे पायातली ताकद जात नाही, म्हणूनच माणूस महिनोन्महिने अंगावर काढतो. असं होत असेल तर पट्टा ढिला करा आणि डॉक्टरांना दाखवा. रुंद, आतून मऊ अस्तर असलेला पट्टा घ्या, कारण तेच वजन जास्त जागेवर पसरलं की दाब उतरतो. सामान जास्तच असेल तर खांद्यावरून जाणारे पट्टे, म्हणजे सस्पेंडर, लावून थोडा भार वर घ्यावा.

जागा ठरलेली असण्याचा फायदा वेगळाच. आपल्या स्नायूंमध्ये आणि सांध्यांमध्ये असे सेन्सर असतात की न बघता आपला हात कुठे आहे ते मेंदूला कळतं. पक्कड कायम त्याच खिशात असेल तर काही दिवसांत हात आपोआप तिथे जातो, नजर कामावरून हलत नाही. 1954 मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की हात लक्ष्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ अंतर वाढलं की वाढतो आणि लक्ष्य मोठं असलं की कमी होतो. म्हणून रुंद तोंडाचा, उघडा राहणारा कडक खिसा मऊ लोळागोळा खिशापेक्षा बरा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने हातोडी उजवीकडे आणि खिळे डावीकडे ठेवावेत, कारण खिळा डाव्या हातानेच धरायचा असतो.

वर काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आता. 500 ग्रॅमची हातोडी 12 मीटरवरच्या परांचीवरून सुटली तर जमिनीशी तिचा वेग ताशी 55 किलोमीटर होतो आणि ऊर्जा साधारण 59 ज्यूल. युरोपच्या ईएन 397 या हेल्मेटच्या मानकात धक्क्याची चाचणी 5 किलोचं वजन 1 मीटरवरून टाकून करतात, म्हणजे 49 ज्यूल. तेव्हा खालच्या माणसाने हेल्मेट घातलंय म्हणून निर्धास्त राहता येत नाही, आणि पुण्यात परांचीखाली चप्पल घालून उघड्या डोक्याने विटा उचलणाऱ्या बायका मी रोज बघतो. मागच्या खिशातली पक्कड वाकलं की निसटते, बेल्टच्या खोल खिशातली सहसा निसटत नाही, आणि दोरीने बांधलेली निसटली तरी लटकून राहते. लहान हत्यार बेल्टला बांधा, जड ड्रिल मात्र परांचीलाच बांधा, नाहीतर पडताना त्याचा हिसका माणसाला बसेल.

बेल्टच्या पाठीमागे मधोमध काही कडक ठेवू नका, पाठीवर पडलात तर ते थेट मणक्यात रुततं. पटाशीला म्यान हवंच, धार खाली. विकतचा बेल्ट महाग वाटला तर बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून जाड कॅनव्हासचा आपल्या हत्यारांच्या मापाने शिवून घ्या, हत्यारं सोबत न्या म्हणजे खिसे नीट बसतात. आणि साइटवरून निघताना बेल्ट काढून टू-व्हीलरच्या डिकीत किंवा पिशवीत ठेवा, स्क्रू ड्रायव्हर कमरेला खोचून गाडी चालवू नका, कारण गाडी घसरली तर पहिला तोच पोटात घुसेल.