सांता क्लारा काउंटी पार्क्स

सांता क्लारा काउंटी पार्क्स ही अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीची उद्यानव्यवस्था, सुमारे २८ पार्क आणि ५२ हजार एकरांच्या आसपास जमीन सांभाळणारी. सॅन होजे, कुपरटिनो, सनीव्हेल, मिलपिटास ही गावं जिच्यात येतात तीच ही काउंटी, म्हणजे सिलिकॉन व्हॅली म्हणून आपण जे ऐकतो त्याचा मोठा भाग, आणि मराठी घरंही इथे भरपूर आहेत त्यामुळे शनिवारी सकाळी ट्रेलवर मागून "अगं हळू, चिखल आहे" असं ऐकू आलं तरी कोणी दचकत नाही. ५२ हजार एकर म्हणजे साधारण २१० चौरस किलोमीटर, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जवळजवळ दुप्पट, फक्त ही जमीन एका जागी नाही, दोन डोंगररांगा आणि मधल्या खोऱ्यात तुकड्यातुकड्यांनी पसरलेली आहे.

काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पण आपल्याकडे जिल्ह्याचं असं उद्यान खातं नसतं, बाग असते ती महापालिकेची नाहीतर नगरपालिकेची आणि जंगल वन खात्याचं, त्यामुळे ही कल्पना आपल्याला पटकन ध्यानात येत नाही. अमेरिकेत काउंटीने स्वतःची उद्यानव्यवस्था उभी करायची पद्धत १८९५ साली न्यू जर्सीतल्या एसेक्स काउंटीने पाडली. सांता क्लारा काउंटीने १९२४ मध्ये कुपरटिनोजवळ सुमारे ४०० एकर जागा विकत घेतली, तेच आजचं स्टीव्हन्स क्रीक पार्क, पण पार्कचं वेगळं खातं व्हायला १९५६ उजाडलं. तेव्हा हे खोरं जर्दाळू, प्रून आणि चेरीच्या बागांसाठी प्रसिद्ध होतं आणि त्या बागा तोडून घरं बांधायची लाट आली होती, म्हणजे जमीन हातातून चालली आहे हे दिसायला लागल्यावर खातं आलं, आणि माझ्या मते ते अगदी वेळेवर आलं.

कुठलं पार्क कोणाचं

पार्कात फिरणाऱ्याला हिरवळ दिसते, तिचा मालक दिसत नाही. लॉस गॅटोसचं वसोना लेक पार्क काउंटीचं, आणि त्याला अगदी चिकटून असलेलं ओक मेडो पार्क, जिथे मुलांची छोटी आगगाडी आहे, ते गावाचं. कुपरटिनोकरांचं लाडकं रँचो सॅन अँटोनियो घ्या. पुढचा पार्किंगचा भाग आणि आजूबाजूची थोडी जमीन काउंटी पार्क, मागचे डोंगर मिडपेनिन्सुला रीजनल ओपन स्पेस डिस्ट्रिक्ट या १९७२ साली मतदारांनीच स्थापन केलेल्या वेगळ्या संस्थेचे, आणि सगळा परिसर करार करून चालवते ती संस्थाच. रविवारी नऊ वाजता तिथे पार्किंगसाठी जी रांग लागते तिची तक्रार कोणाकडे करायची हे बऱ्याच जणांना माहीत नसतं ते यामुळेच. शिवाय राज्याची पार्कं वेगळी. हेन्री को हे राज्याचं अवाढव्य पार्क मुळात १९५३ मध्ये सेडा को या बाईंनी वडिलांच्या आठवणीसाठी काउंटीला दान दिलेलं, आणि १९५८ मध्ये काउंटीने ते राज्याकडे दिलं, किंमत १० डॉलर. आज हे पार्क ८० हजार एकरांच्या पुढे गेलंय.

तलावांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. अँडरसन, कायोटी, कॅलेरो, लेक्सिंग्टन, स्टीव्हन्स क्रीक हे जलाशय पाणीपुरवठा करणाऱ्या व्हॅली वॉटर या सरकारी संस्थेचे, काउंटी तिथे फक्त बोटिंग, मासेमारी, पिकनिक हे बघते. धरण आपलं नाही, पाण्याची पातळी आपल्या हातात नाही, पण किनाऱ्यावर आलेला माणूस आपला. ही अडचण कशी असते ते अँडरसनला दिसलं. काउंटीतलं हे सगळ्यात मोठं धरण १९५० सालचं, आणि मोठ्या भूकंपात ते टिकेल का याची शंका होती म्हणून २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राच्या ऊर्जा नियामक आयोगाने जलाशय रिकामा करायचा आदेश दिला. पाणी गेलं तसं तिथलं बोटिंगही गेलं, आणि दुरुस्ती म्हणजे धरण जवळपास नव्याने बांधणं असल्यामुळे ते काम वर्षानुवर्षांचं आहे. त्याआधी २०१७ च्या फेब्रुवारीत हेच धरण भरून सांडव्यावरून वाहिलं आणि कायोटी क्रीकला पूर येऊन सॅन होजेत हजारो लोकांना घरं सोडावी लागली, त्यामुळे रिकामं करायच्या निर्णयावर चिडून उपयोग नाही हे इथल्या लोकांनाही कळतं.

पैसा

या व्यवस्थेचा खरा कणा माझ्या मते झाडं नाहीत, रेंजर नाहीत, तर १९७२ मध्ये मतदारांनी मंजूर केलेला पार्क चार्टर फंड आहे. काउंटीचा चार्टर म्हणजे तिची घटनाच म्हणा, तिच्यातच लिहून ठेवलंय की प्रॉपर्टी टॅक्समधला ठराविक हिस्सा पार्कांनाच द्यायचा. हा नवीन टॅक्स नाही, हे नीट समजून घ्यायला हवं, लोक जो टॅक्स भरतातच त्यातला वाटा बाजूला काढून ठेवायचा, म्हणजे महिन्याचा पगार आला की किराण्याचे आणि शाळेच्या फीचे पैसे आधी वेगळ्या डब्यात टाकायचे तसं. हिशोब असा, की मालमत्तेच्या टॅक्ससाठी धरलेल्या किमतीत दर १०० डॉलरमागे दीड सेंट. घराची अशी किंमत १० लाख डॉलर असेल तर वर्षाला १५० डॉलर पार्कांना गेले. त्यातले निदान १५ टक्के नवीन जमीन घ्यायला, ५ टक्के बांधकाम-सुधारणांना, बाकीचे रोजच्या देखभालीला.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण, की कुठल्याही सरकारी बजेटमध्ये हात आखडायची वेळ आली की पहिली कात्री बागांवर चालते, हॉस्पिटल आणि पोलिसांपुढे ट्रेलची बाजू कोण मांडणार. आणि कॅलिफोर्नियात तर १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे मतदारांनी मंजूर केलेल्या एका प्रस्तावाने, प्रॉपर्टी टॅक्सलाच लगाम घातला, तेव्हा सगळ्याच स्थानिक संस्थांची पैशांची ओढाताण झाली. ज्यांचा पैसा आधीच राखून ठेवलेला होता ते तरले. पण हा फंड कायमचा नाही, मुदत संपत आली की पुन्हा मतदारांपुढे जावं लागतं, आणि लोकांनी तो दरवेळी पुढे चालू ठेवलाय. २०१६ च्या जूनमध्ये मेझर ए (म्हणजे प्रस्ताव ए) या नावाने तो मतपत्रिकेवर आला आणि १५ वर्षांसाठी पुन्हा मंजूर झाला, लागणाऱ्या मतांपेक्षा कितीतरी जास्त मतांनी. मला ही मुदतीची अट आवडते, कारण पार्क बंद पडलेलं, घाण, कुलूप लावलेलं दिसलं तर लोक पुढच्या वेळी हो म्हणणार नाहीत हे खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

पार्किंगचे पैसे, कॅम्पसाइटचं भाडं, पिकनिकची बुकिंग यातूनही उत्पन्न होतं, पण तो मुख्य आधार नाही. जमीन विकत घ्यायला एकदाच पैसे लागतात, सांभाळायला कायम लागतात, आणि खातं चालवणाऱ्यांची खरी कसोटी तिथेच आहे.

जमिनीबरोबर काय काय येतं

सॅन होजेच्या दक्षिणेला आल्माडेन क्विकसिल्व्हर नावाचं चार हजार एकरांहून मोठं पार्क आहे. क्विकसिल्व्हर म्हणजे पारा. इथल्या डोंगरात हिंगूळ आहे, पाऱ्याचं लाल खनिज, आणि इथले मूळ ओलोनी लोक त्याचा लाल रंग म्हणून वापर करायचे. १८४५ मध्ये आंद्रेस कास्तियेरो या मेक्सिकन अधिकाऱ्याला तो दगड काय आहे हे ओळखता आलं, खाण सुरू झाली, आणि स्पेनमधल्या प्रसिद्ध खाणीवरून तिला न्यू आल्माडेन नाव पडलं. पुढे तीन-चार वर्षांत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि मातीतून सोनं वेगळं करायला पारा लागतोच, त्यामुळे ही खाण उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी पाऱ्याची खाण झाली. खाणकाम शंभर वर्षांच्या वर चाललं आणि १९७० च्या दशकात काउंटीने ही जमीन पार्कसाठी घेतली.

आता तिथे वसंतात रानफुलांचा गालिचा असतो, खाणमॅनेजरच्या १८५४ सालच्या कासा ग्रांदे या घरात म्युझियम आहे, मुलांना दाखवण्यासारखं. पण पारा काढून झाल्यावर भट्टीतून निघालेल्या मातीचे ढीग ओढ्यांच्या काठी टाकलेले होते, त्यातला पारा पावसाबरोबर पाण्यात उतरतो, तलावाच्या तळाशी जिथे ऑक्सिजन नसतो तिथे जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते लहान माशात, मग मोठ्या माशात साठत जातं. म्हणून ग्वाडालुपे, आल्माडेन आणि कॅलेरो जलाशयांवर पाट्या आहेत, मासे धरा पण खाऊ नका. हे ढीग उचलणं, झाकणं, ओढ्याचे काठ पक्के करणं हे काम काउंटीच्या गळ्यात आलं, व्हॅली वॉटरने तलावांत तळाशी ऑक्सिजन सोडायची यंत्रं बसवली. आणि ग्वाडालुपे नदी सगळं खोरं ओलांडून अल्व्हिसोला खाडीला मिळते, तिथेही काउंटीचं छोटं पार्क आहे, म्हणजे डोंगरातला पारा काउंटीच्या एका पार्कातून निघतो आणि दुसऱ्या पार्काशेजारून समुद्राकडे जातो. खाणवाल्यांचा नफा केव्हाच संपला, निस्तरायचं काम मात्र अजून चालू आहे.

दुसरं उदाहरण फुलपाखराचं, आणि हे मला फार मोलाचं वाटतं कारण आपली समजूतच त्यात चुकीची ठरते. कायोटी व्हॅलीच्या पूर्वेच्या डोंगररांगेत सर्पेंटाइन नावाचा हिरवट खडक आहे, त्याची माती निकस, नायट्रोजन कमी, त्यामुळे परदेशातून आलेलं दणकट गवत तिथे फोफावत नाही आणि बुटकी देशी झाडं टिकतात. त्यातलंच एक आपल्या इसबगोलाच्या जातकुळीतलं रोपटं, त्याच्यावर बे चेकरस्पॉट फुलपाखराच्या अळ्या वाढतात. हे फुलपाखरू १९८७ पासून केंद्राच्या संकटग्रस्त यादीत आहे. आता गंमत बघा, खालच्या हायवेवरच्या गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन हवेतून येऊन या निकस मातीवर पडतो, म्हणजे फुकटचं खतच, गवत माजतं आणि रोपटं गुदमरतं. गुरं चरायला सोडली तर ती गवत खातात आणि रोपटं वाचतं. निसर्ग राखायचा म्हणजे गुरं हाकलायची असंच कोणालाही वाटेल, पण जिथे गुरं बंद केली तिथे फुलपाखरं भराभर संपली हे अभ्यासकांनी दाखवून दिलं. म्हणून काउंटीच्या अनेक पार्कांत गुराखी कंपन्यांना चराईचे करार दिलेले असतात, किती गुरं, किती महिने, गवत किती उंच शिल्लक ठेवायचं सगळं ठरवून. मिलपिटासच्या एड लेव्हिन पार्कात चढताना वाटेत गाई आडव्या आल्या की नवीन माणूस घाबरतो, पण त्या कामावर असतात. चराईमुळे वाळलेलं गवत कमी राहतं आणि वणव्याला इंधन कमी मिळतं हा वेगळा फायदा. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून लागलेल्या एससीयू वणव्याने माउंट हॅमिल्टनच्या आजूबाजूचा प्रचंड भाग जाळला, तेव्हापासून हा विषय कोणी हलक्यात घेत नाही.

पाण्यातही तसंच. २००८ मध्ये शेजारच्या सॅन बेनिटो काउंटीत झीब्रा नावाचे परके शिंपले सापडले, नखाएवढे पण पाइप आणि पंप गच्च भरून टाकणारे, तेव्हापासून इथे बोट पाण्यात उतरवायच्या आधी तपासून घ्यावी लागते, बोट कोरडी आणि स्वच्छ नसेल तर परत पाठवतात. २०२४ मध्ये स्टॉकटनच्या बंदरात सोनेरी शिंपले सापडल्यावर धास्ती आणखी वाढली.

माणसं आणि रोजची कामं

रेंजर हा लोकांना दिसणारा चेहरा, तो कायदाही बघतो, पडलेल्याला उचलायलाही जातो आणि शाळेच्या मुलांना झाडांची नावंही सांगतो. पण संख्येने आणि कष्टाने मोठं काम मेंटेनन्सवाल्यांचं, संडास, कचरा, पडलेली ओकची फांदी, वाहून गेलेली वाट. पावसानंतर काही ट्रेल सायकल आणि घोड्यांना बंद ठेवतात त्यावर दरवर्षी कुरकुर होते, पण ओल्या मातीत पडलेली चाकोरी वाळली की तिचाच ओहोळ होतो आणि पुढच्या पावसात अख्खी वाट उतारावरून खाली जाते. ग्रुप पिकनिक एरियाची बुकिंग हा आपल्या लोकांच्या जास्त ओळखीचा भाग, उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारसाठी बऱ्याच आधी जागा धरावी लागते, माणसं किती, स्पीकर लावणार का, हे आधी सांगावं लागतं, आणि वडापावचे कागद आपणच उचलून न्यायचे.

कोणाच्या किती आवडीनिवडी एकाच खात्याला पुरवाव्या लागतात हे पार्कांची नावं वाचली तरी कळतं. हेलयर पार्कात सायकल शर्यतीचा व्हेलोड्रोम, मेटकाफला मोटरसायकल मातीच्या वाटांवर उडवायचं खास पार्क, एड लेव्हिनला हँग ग्लायडिंग, गिलरॉयजवळ चिताक्ताक-अ‍ॅडम्स इथे ओलोनींची दगडातली कोरीव चित्रं, माउंट मडोनाला रेडवुडच्या सावलीत कॅम्पिंग.

आणि दक्षिण सॅन होजेत घरांच्या गर्दीत मार्शल कॉटल पार्क, २८७ एकर शेत. वॉल्टर कॉटल लेस्टर या शेतकऱ्याने आजूबाजूची सगळी शेतं विकली गेली तरी बिल्डरांना दाद दिली नाही आणि घराण्याची ही जमीन राज्याला आणि काउंटीला दान दिली, मुख्य अट ही की शेती चालू राहिली पाहिजे. २०१४ च्या सुरुवातीला ते गेले आणि त्याच वर्षी पार्क लोकांसाठी उघडलं. काउंटी ते चालवते, शेती करायला जमीन कराराने देते, बागकाम शिकवणारे स्वयंसेवक तिथे वाफे लावतात, आणि कुंपणाच्या कडेने फिरायची वाट आहे, तिच्या एका हाताला घरांच्या ओळी आणि दुसऱ्या हाताला नांगरलेली काळी माती.